कूलिंग जॅकेट एका पाळीत किती वीज खातं: मोजायची रीत, क्रम आणि नेहमीच्या चुका

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, मार्च लागला की अंगात घालायच्या थंडाव्याच्या जॅकेटची चौकशी सुरू होते. खरेदी मात्र खोक्यावरचा मजकूर वाचून होते. पंख्याचं जॅकेट ‘८ वॉट’, बर्फाचं ‘बिनविजेचं’, हवेच्या नळीवरचं ‘बॅटरीची कटकट नाही’. खरी वीज कुठं जाते हे त्या खोक्यावर नसतं. बर्फ फ्रीजर करतो, हवा कॉम्प्रेसर देतो, आणि बॅटरी भरताना चार्जर गरम होतो तीही वीजच.

म्हणून एकच आकडा काढायचा: एका माणसाच्या आठ तासांच्या पाळीसाठी भिंतीच्या सॉकेटमधून किती युनिट गेली. नीट मोजलं तर पंख्याच्या जॅकेटला साधारण ०.१ युनिट, बर्फाच्याला १ युनिटच्या आसपास आणि हवेच्या नळीवरच्याला २० च्या वर, एवढं अंतर निघतं. त्यामुळे क्रम मोडू नका. आधीचा टप्पा गाळला की पुढचा आकडा खोटा येतो.

तयारी: हे जमवल्याशिवाय सुरू करू नका

- प्लगमध्ये लावायचा वीजमीटर. वॉट आणि युनिट दोन्ही दाखवणारा हवा. फ्रीजरसाठी १६ अँपिअरचा घ्या.
- यूएसबी टेस्टर. पॉवरबँक आणि जॅकेटची वायर यांच्यामध्ये बसतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो.
- १० किलोपर्यंतचा, ५ ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा.
- सारखे दोन तापमापक आणि सुती वात किंवा मलमलची चिंधी.
- घड्याळ, वही, आणि महावितरणचं शेवटचं बिल.

क्लँप मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर दाखवणारा) असला तरी चार्जर त्यावर मोजू नका. छोट्या चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खऱ्या वॉटचा वाटा, बऱ्याचदा ०.५ ते ०.६ असतो. अँपिअरला २३० ने गुणलं की १० वॉटचा चार्जर १८ वॉटचा दिसतो. शिवाय एवढा कमी प्रवाह क्लँपला धड कळतही नाही.

टप्पा १: आधी हवा मोजा, मग जॅकेटचा प्रकार ठरवा

एका तापमापकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही कामाच्या जागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा. पुठ्ठ्यानं ओल्या टोकाला तीन-चार मिनिटं वारा घाला. आकडा खाली येत येत थांबला की लिहा. वारा न घालता वाचलेला ओला आकडा नेहमी जास्त येतो, आणि चुकीचं जॅकेट बहुतेक वेळा तिथंच पदरात पडतं.

कोरड्या आणि ओल्या आकड्यातला फरक १० अंशांपेक्षा जास्त असेल तर पाण्यात भिजवायचं जॅकेट आणि पंख्याचं जॅकेट दोन्ही चांगली चालतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी कोरडा ३७ आणि ओला २३-२४ असेल तर ती जागा उत्तम. फरक ५ ते १० असेल तर पंख्याचं घ्या. ५ च्या खाली असेल तर पाण्याच्या जॅकेटचा नाद सोडा, पीसीएमच्या पॅकचा विचार करा. पीसीएम म्हणजे ठरावीक तापमानाला गोठणारा आणि वितळणारा पदार्थ.

हे माप एकदाच घेऊन भागत नाही. वळीव पडून गेल्यावर तीच जागा तासाभरात दमट होते. इचलकरंजीत ज्या लूमशेडमध्ये सुतासाठी मुद्दाम ओलावा धरतात तिथं, किंवा गुऱ्हाळात काहिलीची वाफ कोंडते तिथं, बाहेरचा आकडा काहीच सांगत नाही. दुपारी १२ आणि ३ वाजता, किमान तीन दिवस, प्रत्यक्ष जागेवर मोजा.

सावधान: ओतकामाच्या जागी पंख्याचं जॅकेट घालायचं नाही. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, पंखा ठिणगी आत ओढतो आणि कमरेला लिथियम बॅटरी असते. तिथं आगरोधक कपड्याच्या आत पीसीएम किंवा बर्फाचे पॅक, एवढाच पर्याय.

टप्पा २: पंख्याचं जॅकेट – बॅटरीचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. पॉवरबँकवर १०,००० एमएएच, म्हणजे १० अँपिअर-तास, लिहिलेलं असतं. लोक त्याला ५ व्होल्टनं गुणतात आणि ५० वॉट-तास धरतात (१,००० वॉट-तास म्हणजे एक युनिट). तो आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेल ३.७ व्होल्टचा. म्हणजे १० × ३.७ = ३७ वॉट-तास. ३.७ चे ५ व्होल्ट करताना आणखी थोडी वीज जाते, हातात साधारण ३२ वॉट-तास उरतात.

आता टेस्टर लावून तिन्ही वेगांवर वाचा. जॅकेट अंगात घालून, चेन लावून वाचा. टेबलावर पसरलेल्या जॅकेटच्या पंख्यावर भार वेगळा येतो. साधारण असं दिसेल:

- मंद: ०.५ अँपिअर, म्हणजे २.५ वॉट. ३२ वॉट-तासांत जवळजवळ १३ तास.
- मध्यम: ०.९ अँपिअर, ४.५ वॉट. सुमारे ७ तास.
- जोरात: १.६ अँपिअर, ८ वॉट. फक्त ४ तास.

‘कंपनीनं सहा तास सांगितलेले, चारच चालतं’ ही तक्रार इथून येते. ५० ला ८ नं भागलं की सव्वासहा तास येतात, ३२ ला भागलं की चार. बॅटरी खराब नसते, भागाकार चुकलेला असतो.

वेग थोडा वाढवला की वीज खूप वाढते. हवा दुप्पट करायची तर पंख्याला तात्त्विकदृष्ट्या आठपट शक्ती लागते. मोटरमधल्या गळतीमुळे प्रत्यक्षात गुणोत्तर थोडं वेगळं येतं, पण कल तोच. पहिल्या १० मिनिटांत घाम सुकेपर्यंत जोरात आणि मग दिवसभर मध्यम, ही सवय एका बॅटरीत जवळपास पाळी काढून देते.

तपासणी: वर्तमानपत्राची दोन बोटं रुंदीची पट्टी कापा आणि कॉलरच्या आत, मानेमागं धरा. पट्टी फडफडली पाहिजे. ती नुसती लोंबकळत असेल तर हवा वर येतच नाही. कमरेचा इलास्टिक सैल आहे, आत जाड शर्ट आहे, किंवा वरून घातलेल्या ॲप्रननं पंख्याचं तोंड झाकलं आहे. अशा वेळी माणूस वेग वाढवतो. बॅटरी जाते, थंडावा वाढत नाही.

टप्पा ३: चार्जिंगची वीज भिंतीवर मोजा

प्लगमधले बरेच स्वस्त मीटर ५ वॉटच्या खाली चुकतात आणि ०.०१ युनिटच्या पायरीनं पुढं सरकतात. एका बॅटरीला ०.०५ युनिट लागणार असेल तर त्यात एका पायरीची चूक म्हणजे २० टक्के. म्हणून:

१. सगळ्या बॅटऱ्या जॅकेट आपोआप बंद पडेपर्यंत वापरा.
२. पाच बॅटऱ्या एकाच बोर्डवर लावा, बोर्ड मीटरमध्ये घाला, मीटर शून्य करा.
३. सगळे दिवे पूर्ण भरल्याचं दाखवेपर्यंत थांबा. आकडा लिहा आणि ५ नं भागा.

३७ वॉट-तासांच्या बॅटरीला भिंतीवर ४५ ते ५० वॉट-तास येणं ठीक आहे. ६० च्या वर गेलं तर चार्जर किंवा वायर बदला. बारीक, लांब वायर हे नेहमीचं कारण. पाळीला दोन बॅटऱ्या धरल्या तरी ०.१ युनिट, आणि २६ दिवसांचे महिन्याला अडीच-तीन युनिट.

सावधान: भट्टीजवळच्या सॉकेटवर बॅटऱ्या लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी भरणं तिचं आयुष्य झपाट्यानं कमी करतं आणि फुगण्याचा धोका वाढतो. उन्हातून आलेली बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवून मगच लावा.

टप्पा ४: बर्फाचे आणि पीसीएमचे पॅक – फ्रीजर मोजायचा, पॅक नाही

‘बिनविजेचं’ जॅकेट इथं उघडं पडतं. ३० अंशांचं एक किलो पाणी उणे १८ अंशांच्या बर्फात बदलायला साधारण १३८ वॉट-तास उष्णता काढावी लागते. एका माणसाच्या जॅकेटमध्ये २ किलो बर्फ बसतो आणि तो दीड ते अडीच तास टिकतो. पाळीला चार संच धरा, म्हणजे ८ किलो आणि १.१ युनिट उष्णता. तेवढी काढायला डीप फ्रीजर आपल्या उन्हाळ्यात साधारण एक युनिट वीज घेतो. फ्रीजर नुसता चालू ठेवायची वीज वेगळी.

ती वेगळी काढायचा क्रम असा:

१. फ्रीजर पॅकशिवाय २४ तास मीटरवर चालवा. हा पाया. तो आधीच मोजायचा. पॅक घातल्यावर मोजता येत नाही.
२. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मोजून ठेवलेल्या वजनाचे पॅक घाला, पुन्हा २४ तास मोजा.
३. वजाबाकी करा आणि पॅकच्या किलोनं भागा. किलोला ०.१० ते ०.१५ युनिट आलं तर फ्रीजर धडधाकट.
४. फ्रीजर फक्त पॅकसाठीच आणला असेल तर पाया माणसांवर वाटून प्रत्येकाच्या खात्यात घाला. दोन माणसांसाठी मोठा डीप फ्रीजर चालवला तर पायाच पॅकपेक्षा जड होतो.

०.२० च्या वर आलं तर आधी दाराचं रबर बघा. दारात कागद धरून ओढा. सहज निसटला तर तिथून गार हवा जाते. मग कॉइलवरची धूळ. फाउंड्रीत ती काळ्या, चिकट वाळूची असते, ब्रशनं जात नाही. फ्रीजर बंद करून हवेच्या बारीक झोतानं काढा.

पॅक एकावर एक रचू नका. मधला पॅक रात्रभरातही कच्चा राहतो आणि सकाळी तासाभरात पाणी होतो. उभे, मध्ये बोटभर फट ठेवून लावा. बर्फाचा पॅक उघड्या कातडीवर येऊ देऊ नका, आत सुती बनियन हवीच.

पीसीएमचं गणित वेगळं आहे, आणि आपल्याकडं फायद्याचंही. किलोला उष्णता कमी मावते, साधारण १५० ते २०० किलोज्यूल. नुसतं वितळताना बर्फ ३३४ घेतो. पण २१ किंवा २८ अंशांना गोठणाऱ्या पॅकला डीप फ्रीजरची गरजच नसते. ते उणे १८ अंशांत ठेवणं ही फार सर्रास होणारी चूक. वीज फुकट जाते, पॅक दगडासारखा गार होतो, त्यावर दव धरतं आणि आतला कपडा भिजतो. २१ अंशांचा पॅक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किंवा बर्फ टाकलेल्या पाण्याच्या पिंपात भरा.

२८ अंशांचा पॅक तर मातीच्या रांजणातल्या पाण्यातही भरतो. कोरड्या हवेत सावलीतल्या रांजणाचं पाणी २३-२४ अंशांपर्यंत उतरतं. दोन किलो पॅकमधली ३६० किलोज्यूल उष्णता घ्यायला, पाणी फक्त ३ अंश तापू द्यायचं तर सुमारे ३० लिटर लागतं. म्हणजे माणशी एक मध्यम रांजण. अंतर थोडंच असल्यानं वेळ लागतो, पॅक रात्रभर ठेवा. काही क्षारयुक्त पॅक गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळ राहतात; ते दाबून बघा, मऊ लागले तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून सुरुवात करून द्या. दमट दिवसांत रांजणाचा भरवसा नाही. सकाळी पाण्याचं तापमान बघा. २५ च्या वर असेल तर फ्रीज वापरा.

पंपानं गार पाणी फिरवणारं जॅकेट असेल तर पंपाचे ५-१० वॉट आणि डब्यातला बर्फ, दोन्ही धरा. बहुतेक लोक फक्त पंप धरतात.

टप्पा ५: पाण्यात भिजवायचं जॅकेट – वजनावर मोजा

वीज शून्य, म्हणून मोजमापही सोडून देतात आणि जॅकेट काम करतंय की नुसतं ओलं आहे ते कळत नाही. दोन-तीन मिनिटं भिजवा, न पिळता हलकं दाबून पाणी काढा, वजन करा. दोन तास घाला, पुन्हा वजन करा.

एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ६७० वॉट-तास उष्णता घेतं. दोन तासांत ३०० ग्रॅम घटलं तर २०० वॉट-तास, म्हणजे तासाला १००. यातली बरीचशी आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते, अंगातून निम्मीही धरू नका. १५० ग्रॅमसुद्धा घटलं नसेल तर त्या हवेत ते जॅकेट म्हणजे अंगावरचं ओझं. रेनकोट किंवा चामडी ॲप्रनच्या आत घातलं तरी तेच होतं.

बोअरचं जड पाणी वापरलं तर काही आठवड्यांत कापड कडक होतं आणि पाणी धरत नाही. नळाचं पाणी घ्या.

गळ्यात घालायच्या पेल्टियरच्या पट्ट्या (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीच्या) इथंच उरकतो. ८ ते १२ वॉट घेतात आणि मानेवरून बहुधा त्याहून कमी उष्णता काढतात. कष्टाचं काम करणाऱ्याचं शरीर ३०० वॉटच्या घरात उष्णता तयार करतं. बसून काम करणाऱ्याला पट्टीनं बरं वाटतं, भट्टीवरच्याला तिचा आधार धरू नका.

टप्पा ६: हवेच्या नळीवरचं जॅकेट – टाकीवर मोजा

दाबाची हवा व्होर्टेक्स ट्यूबमधून (हवा गरगर फिरवून गार आणि गरम असे दोन झोत वेगळे करणाऱ्या नळीतून) सोडून गार करणारं जॅकेट फाउंड्रीत आकर्षक वाटतं, कारण लाइन आधीच असते. थंडावा खरोखर जोरदार मिळतो. वीज किती जाते हे मात्र कॉम्प्रेसरच्या खोलीत दिसतं. ही चाचणी जेवणाच्या सुट्टीत, बाकी सगळी हवा बंद असताना घ्या.

१. टाकी ७ बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरा आणि कॉम्प्रेसर बंद करा.
२. जॅकेटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून ७ वरून ६ बार यायला किती सेकंद लागतात ते बघा. ही गळती. समजा ५०० लिटरच्या टाकीला ५०० सेकंद लागले: १ बार म्हणजे ५०० लिटर मोकळी हवा, म्हणून मिनिटाला ६० लिटर.
३. पुन्हा ७ बार भरा, एकच जॅकेट सुरू करा, वेळ घ्या. समजा ६२ सेकंद: मिनिटाला ४८४ लिटर.
४. वजाबाकी: ४२४ लिटर, म्हणजे १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट).

चांगला स्क्रू कॉम्प्रेसर ७ बारला मिनिटाच्या एका घनमीटर हवेसाठी साधारण ६ ते ७ किलोवॉट घेतो, छोटा पिस्टनवाला त्याहून जास्त. ०.४२४ × ६.५ = सुमारे २.८ किलोवॉट. आठ तासांचे २२ युनिट, एका माणसाचे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो त्याहून हे जास्त.

गळतीची पायरी गाळली तर ती सगळी जॅकेटच्या नावावर पडते. वरच्या उदाहरणातली ६० लिटरची गळती २४ तास दाबाखाली राहिली तर दिवसाला ९ युनिट खाते. जॅकेट घ्यायच्या आधी साबणाचं पाणी घेऊन सांधे बघा. ही वीज आत्ताच वाचते.

अशी जॅकेट अगदी मोजक्या जागी ठेवा: भट्टीचं अस्तर काढताना, लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) दुरुस्त करताना, अर्ध्या-एक तासाच्या कामासाठी. व्हॉल्व्ह माणसाच्या हाताशी हवा. चहाला जाताना नळी चालू राहिली तर १५ मिनिटांत ०.७ युनिट जातं. ही हवा श्वासासाठी नाही. मुखवट्यात जोडू नका.

टप्पा ७: सगळं एका मापात आणा

वहीत प्रत्येक जॅकेटसमोर लिहा: पाळीला युनिट, त्यापैकी प्रत्यक्ष थंडावा किती तास, आणि दर. दर बिलातूनच घ्या. घरगुती बिलावर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे टप्पे असतात. जॅकेटची वीज तुमचा वापर पोचतो त्या शेवटच्या टप्प्यात पडते, म्हणून सरासरी न घेता त्या टप्प्याचा दर धरा. कारखान्याच्या बिलात वेळेनुसार दर बदलत असेल तर पॅक आणि बॅटऱ्या स्वस्त वेळेत भरायची पाळी लावून द्या.

मग नेहमीच्या पंख्याशी ताडून बघा. २०० वॉटचा पेडेस्टल पंखा आठ तासांत १.६ युनिट खातो. वारा तिघांना लागत असेल तर माणशी ०.५३. पंख्याचं जॅकेट ०.१ वर त्याला मागं टाकतं, विशेषतः लांबलचक शेडमध्ये विखरून काम करणाऱ्यांसाठी. बर्फाचं जॅकेट विजेत हरतं, पण भट्टीजवळ हवाच ४० च्या वर असेल तिथं पेडेस्टल गरम झोत मारतो आणि बर्फ किंवा पीसीएमचं युनिट वसूल होतं. माझं मत स्पष्ट आहे: मोल्डिंग (साचे करणं), पॅकिंग आणि ठिणगी उडत नसेल तिथं फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) पंखा, भट्टीच्या तोंडाशी पीसीएम, हवेची नळी फक्त ठरावीक कामाला.

यातलं कुठलंही जॅकेट पाणी, मीठ-साखर आणि सावलीतली विश्रांती यांच्या जागी चालत नाही. घाम थांबून अंग तापलं, बोलणं बरळलं, चक्कर आली तर जॅकेट उतरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

टप्पा ८: महिन्यानं पुन्हा तेच मोजा

पहिल्या दिवशीचा टेस्टरचा आकडा जॅकेटच्या आतल्या लेबलवर पक्क्या शाईनं लिहून ठेवा. महिन्यानं त्याच वेगावर अँपिअर वेगळे आले, किंवा कॉलरची पट्टी मंद फडफडली, तर पंखा उघडा. फेटलिंगमध्ये जाळीवर ग्राइंडिंगची धूळ घामाशी मिसळून राखाडी पापुद्रा धरते. नखानं खरवडली की आख्खी चकती निघते. आठवड्याला जुन्या टूथब्रशनं साफ करा, पाणी मारू नका.

बॅटरीचा वेळ पहिल्यापेक्षा चौथाईनं घटला की ती हलक्या कामाच्या माणसाला द्या. पाऊस लागला की बॅटऱ्या निम्म्या भरून, कोरड्या कपाटात, जॅकेटपासून वेगळ्या ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा निम्म्यावर आणा. पीसीएमचे पॅक सपाट ठेवा, घडी घालू नका. शिवण घडीवरच फुटते. भिजवायचं जॅकेट पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका.